विश्लेषण : वाळवंटात मोटार कशी न्यायची हे जगाला शिकवणारे राल्फ बॅगनॉल्ड कोण होते?

मिनी बसमधली आसने काढून त्या जागी पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर पॅनेल बसवणारे हौशी प्रवासी आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. हमरस्त्यावर आणि हॉटेलच्या पार्किंगमध्ये अशी गाडी छान चालते. खरी परीक्षा रस्ता संपतो तिथे होते. मग गाडीत गादी किती जाड आहे याला महत्त्व राहत नाही. पाणी किती दिवस पुरेल, चाक रुतले तर बाहेर कसे काढायचे, इंजिन उकळले तर काय करायचे आणि आपण नेमके कुठे आहोत, एवढेच प्रश्न उरतात.

या चार प्रश्नांची आज जी उत्तरे जगभर वापरली जातात, त्यातली बरीचशी साधारण शंभर वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात पक्की झाली. ती करणारे होते ब्रिटिश लष्करातले अभियंते राल्फ बॅगनॉल्ड. त्यांच्याकडे फोर-व्हील ड्राइव्ह नव्हते, जीपीएस नव्हते आणि मदतीला हाक मारण्याची सोयही नव्हती. होत्या त्या बाजारात मिळणाऱ्या साध्या फोर्ड गाड्या, भंगारातले पत्रे आणि शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र.

बॅगनॉल्ड कोण होते?

राल्फ अल्जर बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. वडीलही लष्करात अभियंता होते आणि खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये गेलेल्या मोहिमेत ते होते. थोरली बहीण एनिड पुढे लेखिका झाली. तिच्या ‘नॅशनल वेल्वेट’ या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटात एलिझाबेथ टेलर होती.

राल्फ १९१५ मध्ये रॉयल इंजिनीअर्समध्ये अधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियमच्या आघाडीवर लढले. युद्ध संपल्यावर केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकले आणि पुन्हा लष्करात परतले, या वेळी सिग्नल्स विभागात. १९२६ मध्ये त्यांची नेमणूक कैरोला झाली. तिथे सुटीच्या दिवशी इतर अधिकारी पोलो खेळत. बॅगनॉल्ड आणि त्यांचे मित्र फोर्ड मॉडेल टी घेऊन वाळवंटात जात. सिनाई, सिवा असे करत त्यांचा पल्ला वाढत गेला. पुढे त्यांची बदली भारतात वायव्य सरहद्दीवर झाली, तरी रजा मिळाली की ते इजिप्त गाठत.

या सफरींमागे सरकारी आदेश नव्हता. बहुतेक खर्च मित्रमंडळीच वाटून घेत. त्यामुळे प्रत्येक वस्तू स्वस्त, दुरुस्त करता येणारी आणि हलकी असणे भाग होते. ही अडचणच पुढे त्यांच्या पद्धतीचे बळ ठरली.

वाळवंटात मोटार नेणारे ते पहिलेच का?

नाही, आणि हे सांगणे गरजेचे आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ‘लाइट कार पेट्रोल’ तुकड्या इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात फोर्ड मॉडेल टी चालवत होत्या. सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणे आणि रेडिएटरची वाफ वाया न घालवणे या कल्पना त्यांनी आधीच वापरल्या होत्या. इजिप्तचे राजपुत्र कमाल अल-दीन यांनी १९२० च्या दशकात सिट्रोएनच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या घेऊन दूरवर मजल मारली होती. अहमद हसनैन बे तर १९२३ मध्ये उंटांच्या काफिल्यासह उवैनात पर्वतापर्यंत पोहोचले होते. त्याआधी शतकानुशतके स्थानिक लोक विहिरींचे मार्ग ओळखून हे वाळवंट ओलांडत आलेच होते.

मग बॅगनॉल्ड यांचे वेगळेपण कशात? विखुरलेल्या युक्त्या त्यांनी एकत्र आणल्या, प्रत्येकीची चाचणी घेतली आणि त्यातून कुणालाही शिकवता येईल अशी एक पूर्ण पद्धत उभी केली.

गाडीत त्यांनी काय बदल केले?

पहिला नियम होता वजन कमी करण्याचा. मूळ बॉडी काढून त्या जागी लाकडी पेटीसारखा हौदा बसवला जाई. शोभेचे आणि बंद करणारे भाग शक्य तेवढे निघत. राखलेले प्रत्येक किलो पाणी आणि पेट्रोलसाठी होते.

हे गणित समजायला एक साधे उदाहरण घेऊ. चार माणसे, २० दिवस आणि माणशी रोज ५ लिटर पाणी धरले तर ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो वजन झाले. वाळूत गाडी लिटरला ५ किलोमीटर जाते असे मानले, तर १,५०० किलोमीटरसाठी ३०० लिटर पेट्रोल लागेल. त्याचे वजन सुमारे २२० किलो. अन्न, अवजारे आणि सुटे भाग अजून बाकीच आहेत. त्या काळच्या मॉडेल ए फोर्डचे इंजिन ४० अश्वशक्तीचे, तर त्याआधीच्या मॉडेल टीचे अवघे २० अश्वशक्तीचे होते. वजन वाढले की चाक जास्त रुतते, रुतले की पेट्रोल जास्त जळते आणि मग आणखी पेट्रोल न्यावे लागते. आजही घरी कॅम्पर बनवणाऱ्यांची पहिली चूक हीच असते. जड प्लायवूड आणि फर्निचर भरल्यावर पाण्यासाठी वजनच शिल्लक राहत नाही.

दुसरा नियम म्हणजे एकटी गाडी कधीच न्यायची नाही. सगळ्या गाड्या शक्यतो एकाच बनावटीच्या ठेवायच्या, म्हणजे एकीचा सुटा भाग दुसरीला चालतो. अगदी वेळ आली तर एक गाडी सोडून देऊन सगळ्यांना उरलेल्या गाड्यांतून परत येता येते.

रुतलेले चाक बाहेर कसे काढायचे?

कैरोतल्या एका भंगाराच्या दुकानात बॅगनॉल्ड यांना पोलादी पन्हळी पट्ट्या सापडल्या. महायुद्धात खंदकातल्या निवाऱ्यांवर छत घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या. साधारण दीड मीटर लांबीच्या या पट्ट्या रुतलेल्या मागच्या चाकांसमोर वाळू उकरून सरकवायच्या आणि हळूच गिअर टाकायचा. चाकाला पकड मिळते, गाडी पट्टीवर चढते आणि तेवढ्या अंतरात वेग घेऊन पुढच्या घट्ट वाळूवर जाते. मग मागे पडलेल्या पट्ट्या उचलून पळत पुढे आणायच्या. दिवसातून कितीही वेळा हे करावे लागे.

आज ऑफ-रोड गाड्यांच्या छतावर भडक रंगाच्या प्लास्टिकच्या ज्या पाट्या बांधलेल्या दिसतात, त्या याच पट्ट्यांच्या वंशज.

दुसरी युक्ती टायरची. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. एका चाकावर ४०० किलो भार आहे आणि हवा ३० पीएसआय आहे असे समजा. तेव्हा टायर जमिनीला साधारण १९० चौरस सेंटिमीटर जागेत टेकतो. हवा १५ पीएसआयवर आणली की हीच जागा जवळपास दुप्पट होते. भार तेवढाच, पण पसरलेला. म्हणून चाक कमी रुतते. टायरच्या कडेच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा बदलतो, पण तत्त्व हेच. अरबी लोकांचा उंट हेच करतो. त्याचा पाय रुंद आणि मऊ असतो.

मात्र कठीण जमिनीवर परतताच हवा पुन्हा भरावी लागते. कमी हवेवर वेगात धावणारा टायर तापतो आणि फाटतो. म्हणून हवा सोडण्याइतकेच हवा भरण्याचे साधन महत्त्वाचे.

इंजिन उकळले तर पाणी कसे वाचवायचे?

त्या काळच्या रेडिएटरमधून उकळलेले पाणी वाफ होऊन सरळ बाहेर जाई. शहरात त्याने काही बिघडत नसे. वाळवंटात मात्र इंजिन आणि माणूस एकाच डब्यातले पाणी पीत होते. इंजिनाने जास्त प्यायले की माणसाच्या वाट्याचे कमी होई.

उपाय असा होता. रेडिएटरचे तोंड हवाबंद करायचे आणि वाफेची नळी पायरीवर बांधलेल्या एका डब्यात सोडायची. डबा थंड पाण्याने अर्धा भरलेला. वाफ त्या पाण्यात शिरली की तिचे पाणी होते. पण याला मर्यादा आहे. एक लिटर पाण्याच्या वाफेत एवढी उष्णता असते की तिने १० लिटर पाण्याचे तापमान सुमारे ५४ अंशांनी वाढते. त्यामुळे काही वेळाने डब्यातले पाणीही उकळू लागते. अशा वेळी चालकाने गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी करायची. रेडिएटर थंड झाला की आतली उरलेली वाफ आकसते, आत पोकळी तयार होते आणि डब्यातले सगळे पाणी नळीतून आपोआप परत ओढले जाते.

आपल्या आजच्या गाडीच्या बॉनेटखाली कूलंटची जी अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी दिसते, तिचे काम याच तत्त्वावर चालते. इंजिन तापले की जास्तीचा द्रव टाकीत येतो आणि थंड झाले की परत जातो.

रस्ताच नाही, तर दिशा कशी ठरवायची?

चुंबकीय होकायंत्र गाडीत नीट चालत नाही. पोलादी सांगाडा आणि विजेची उपकरणे सुईला खेचतात. अचूक दिशा हवी तर गाडी थांबवून, होकायंत्र घेऊन लांब चालत जावे लागे.

बॅगनॉल्ड यांनी यासाठी सूर्य-होकायंत्राची स्वतःची सुधारित आवृत्ती बनवली. चालकासमोर एक आडवी गोल तबकडी बसवायची. तिच्यावर ३६० अंशांच्या खुणा आणि मधोमध एक उभी सुई. सुईची सावली ठरलेल्या खुणेवर राहील अशी गाडी हाकली की दिशा बरोबर. सूर्य सरकत असल्याने तबकडी ठरावीक वेळाने फिरवावी लागे आणि त्यासाठी वेळेनुसार सूर्याची दिशा सांगणारे तक्ते सोबत असत. न थांबता दिशा धरता येणे, हा यातला मोठा फायदा.

यातही खोट होती. कर्कवृत्ताच्या आसपास उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली जवळपास नाहीशी होते. तेव्हा थांबणे हाच मार्ग. शिवाय दिशेत एक अंशाची चूक झाली तर १०० किलोमीटरनंतर गाडी पावणेदोन किलोमीटर बाजूला गेलेली असते. पेट्रोलचा आपलाच पुरून ठेवलेला साठा शोधायचा असेल तर एवढी चूकही जिवावर बेतू शकते.

म्हणून रात्री मुक्कामाला दुसरी तपासणी होई. थिओडोलाइटने ताऱ्यांचे कोन मोजायचे, वायरलेस संचावर अचूक वेळेचा संकेत ऐकायचा आणि त्यावरून अक्षांश-रेखांश काढायचे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकले तर जागा जवळपास दोन किलोमीटरने चुकते. सर्व्हेइंगचा पेपर दिलेल्या कुणालाही ही कसरत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे चुकीला एटीकेटी नव्हती.

वाळूचा समुद्र त्यांनी कसा ओलांडला?

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर ‘ग्रेट सँड सी’ नावाचा वालुकाप्रदेश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाला थोडेच कमी. एकामागून एक वाळूच्या टेकड्या, काही १०० मीटर उंचीच्या. चाकांची गाडी यावर चढणे अशक्य, असाच समज होता.

बॅगनॉल्ड यांनी १९२९ आणि १९३० च्या मोहिमांत हा समज मोडला. त्यांच्या लक्षात आले की सगळी वाळू सारखी नसते. वारा ज्या बाजूने येतो त्या उतारावर वाऱ्याने उडणारे कण सतत आदळून वाळू घट्ट बसलेली असते. आडोशाच्या बाजूला मात्र कण नुसते घरंगळून पडतात, तिथे उतार ३३-३४ अंशांचा आणि वाळू भुसभुशीत. घट्ट बाजू ओळखून, हवा कमी केलेल्या टायरवर, पूर्ण वेगात टेकडीवर चाल करून जायचे आणि माथ्यावर वेळीच थांबायचे. थांबायला उशीर झाला तर पलीकडच्या कड्यावरून गाडी उलटण्याची भीती.

१९३२ मध्ये त्यांच्या गटाने लिबियन वाळवंट पूर्व-पश्चिम ओलांडले. मोटारीने केलेला असा हा पहिला नोंदलेला प्रवास मानला जातो. ब्रिटनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले आणि १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ हे त्यांचे प्रवासवर्णन आले.

या काळात हरवलेल्या ‘झरझुरा’ नावाच्या दंतकथेतल्या ओअॅसिसच्या शोधात अनेक जण होते. हंगेरीचे लास्लो अल्माशी त्यातलेच. पुढे ‘द इंग्लिश पेशंट’ या कादंबरीचा नायक त्यांच्यावरून सुचला. झरझुरा कुणालाच सापडले नाही. पण त्या शोधातून अज्ञात प्रदेशाचे नकाशे मात्र तयार झाले.

छंदाचे रूपांतर युद्धात कसे झाले?

बॅगनॉल्ड १९३५ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांना परत बोलावून केनियाला पाठवण्यात आले. वाटेत भूमध्य समुद्रात जहाजाची टक्कर झाली, दुरुस्तीसाठी पोर्ट सैदला थांबावे लागले आणि बॅगनॉल्ड जुन्या मित्रांना भेटायला कैरोला गेले. जनरल वेव्हेल यांना हे कळले आणि त्यांनी बॅगनॉल्ड यांना इजिप्तमध्येच ठेवून घेतले.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. शेजारचा लिबिया इटलीच्या ताब्यात होता. ज्या वाळवंटातून कुणी येऊ शकत नाही असे इटलीला वाटत होते, तिथूनच शत्रूच्या मागे जाऊन टेहळणी करण्याची योजना बॅगनॉल्ड यांनी मांडली. वेव्हेल यांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. ही तुकडी पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून प्रसिद्ध झाली.

गाड्या निवडल्या त्या दीड टनी शेव्हरोलेट ट्रक, त्याही टू-व्हील ड्राइव्ह. दरवाजे, टप आणि काचा काढल्या, पाटे वाढवून स्प्रिंग मजबूत केले, कंडेन्सर आणि सूर्य-होकायंत्र बसवले. सुरुवातीचे सैनिक न्यूझीलंडचे स्वयंसेवक होते. त्यांच्यात शेतीवर ट्रक-ट्रॅक्टर हाताळलेले बरेच होते. वाळूत बूट त्रासदायक म्हणून पायात भारताच्या वायव्य सरहद्दीवरच्या चपला आल्या. १९४२ मध्ये शीख, जाट, राजपूत आणि मुस्लिम सैनिकांची ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ही याच पद्धतीने काम करू लागली.

गाडी गेली तर काय होते, हे ३१ जानेवारी १९४१ रोजी दिसले. लिबियात जबल शरीफजवळ इटालियन सैन्याशी झालेल्या चकमकीत ट्रक जळाले आणि ट्रूपर रोनाल्ड मूर यांच्यासह चार जण मागे राहिले. मूर जखमी, जवळ पाण्याचा एक डबा. चौघांनी शरण जाण्याऐवजी चालायला सुरुवात केली. दहा दिवसांत मूर सुमारे ३४० किलोमीटर चालले, तेव्हा ते मित्रसैन्याला सापडले. चौघांपैकी एकाने सुटकेनंतर प्राण सोडला. पाण्याचा प्रत्येक लिटर आधी मोजून घेण्याचा बॅगनॉल्ड यांचा आग्रह कशासाठी होता, ते यावरून कळते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. हे ज्ञान साम्राज्याच्या सेवेत जमले आणि युद्धात वापरले गेले. स्थानिक लोकांसाठी हा काळ सोपा नव्हता. १९३१ च्या जानेवारीत इटलीने कुफ्रा घेतले तेव्हा तिथले लोक बायकामुलांसह वाळवंटात पळाले आणि त्यातले अनेक तहानेने मेले. त्याच वाळूत एकीकडे हौशी मोहिमा चालू होत्या, हे विसरून चालणार नाही.

मग मंगळाचा संबंध काय?

गाड्या चालवता चालवता बॅगनॉल्ड यांना वेगळाच प्रश्न पडला होता. वाळूच्या टेकड्या असा नेमका आकार का घेतात आणि तो आकार न मोडता पुढे कशा सरकतात? लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये वाऱ्याचा बोगदा उभारला आणि त्यात वाळू उडवून मोजमापे घेतली. कण हवेत तरंगत जात नाहीत, तर उड्या मारत जातात आणि पडताना पुढच्या कणांना उडवतात, हे त्यांनी आकड्यांत मांडले. वाऱ्याचा जोर वाढला की वाहून जाणारी वाळू त्याच्या घनाच्या पटीत वाढते, हे त्यांचे सूत्र आजही शिकवले जाते.

वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये आले आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नासाने मंगळावरच्या वाळूचा अभ्यास सुरू केला तेव्हा हेच काम हाताशी आले. मंगळावरच्या गेल विवरातील वालुकाटेकड्यांच्या एका पट्ट्याला ‘बॅगनॉल्ड ड्यून्स’ असे नाव आहे. नासाचे क्युरिऑसिटी रोव्हर २०१५ च्या अखेरीस तिथे पोहोचले. बॅगनॉल्ड यांचे निधन २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी झाले.

आज गाडी बनवणाऱ्यांनी काय घ्यावे?

आजच्या ऑफ-रोड कॅम्परमध्ये फ्रिज, लिथियम बॅटरी आणि उपग्रहावर चालणारा फोन असतो. तरी बॅगनॉल्ड यांचा क्रम बदललेला नाही. आधी पाणी आणि इंधनाचे वजन मांडायचे, मग गाडीची वजन पेलण्याची क्षमता पाहायची आणि उरलेल्या किलोंत पलंग-ओटा बसवायचा. चाक सोडवण्याची साधने सगळ्यांत खाली नाही, हाताला लागतील अशी बांधायची. टायरमधली हवा मोजायचे मीटर आणि भरायचा पंप सोबत ठेवायचा. मोबाइलच्या नकाशावर विसंबून न राहता दिशा काढायचा दुसरा मार्ग ठेवायचा. आणि शक्य असेल तर दोन गाड्यांनी जायचे.

गाडी निघण्याआधी घरच्या अंगणात हा हिशेब कागदावर मांडायला एक संध्याकाळ पुरते. आकडे जुळत नसतील, तर कमी करायचे ते सामान, पाणी नव्हे.